आत हात जात नाही, मग नट कसा लावायचा? फायबर बोटीवर रॉड होल्डर आणि फिश फाइंडर बसवताना

(पॉडकास्टच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं शक्यतो तसंच ठेवलं आहे.)

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. कोकणातल्या बऱ्याच जणांकडे आता घरची छोटी फायबरची बोट असते. अठरा-वीस फुटांची, मागे आऊटबोर्ड इंजिन. कुणी रोजच्या मासेमारीला वापरतं, कुणी शनिवार-रविवार गरवायला जातं. आणि मग ऑनलाइन दोन रॉड होल्डर येतात, एक फिश फाइंडर येतो, मोबाइलचा स्टँड येतो. बॉक्स उघडला की आत चार स्क्रू आणि एक चित्र. चित्रात बोल्ट वरून खाली गेलेला असतो आणि खालून नट लावलेला असतो. तुम्ही बोटीकडे बघता आणि लक्षात येतं, की खाली हातच जात नाही. सगळं बंद आहे.

मग बहुतेक जण काय करतात? ड्रिल मशीन घेतात, भोक पाडतात, स्क्रू पिळतात, वरून थोडं सिलिकॉन लावतात. दिसायला झकास. पण पहिली मोठी सुरमई लागली की होल्डर, रॉड आणि रील तिन्ही समुद्रात. हे नुकसान तरी डोळ्यांना दिसतं. त्याहून वाईट नुकसान दिसत नाही, ते त्या भोकांतून हळूहळू आत झिरपत असतं.

आज दोनच प्रश्न धरून चालायचंय. ज्या वस्तूला तुम्ही भोक पाडताय, तिला किती ओढ बसणार? आणि ते भोक आत कुठे उघडणार? या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की स्क्रू, रिव्हेट, गोंद की झाकण, हे आपोआप ठरतं.

बोटीच्या पोटात काय असतं

फायबर म्हणजे काचेच्या तंतूंच्या चटया रेझिनमध्ये भिजवून एकावर एक बसवलेले थर. याला लॅमिनेट म्हणतात. बाहेरून जो गुळगुळीत, चकचकीत रंग दिसतो तो जेलकोट. त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. तो पाणी अडवतो, पण काचेसारखा ठिसूळ असतो. ताकद जेलकोटमध्ये नसते, ती मागच्या थरांत असते.

आता हात का जात नाही ते बघू. अशा अनेक बोटी दोन साच्यांतून बनतात. एक बाहेरचा सांगाडा, दुसरा आतला. आतल्यात बसायची बाकं, चालायची जमीन, कडेचे कप्पे असतात. दोन्ही काठाशी एकमेकांना जोडतात. मधे जी पोकळी राहते ती बंद असते. कधी त्यात नुसती हवा असते, कधी फोम भरलेला असतो.

ही पोकळी कारखानदाराने उगाच ठेवलेली नाही. लाकूड पाण्यावर तरंगतं. फायबर मात्र पाण्यापेक्षा जड, साधारण दीडपट. म्हणजे फायबरची बोट पाण्याने भरली आणि आत कुठेही हवाबंद जागा नसली, तर ती इंजिनासकट सरळ तळाला जाणार. त्या बंद पोकळ्याच तिला वर धरून ठेवतात.

हिशेब सोपा आहे. दोन मीटर लांब, ४० सेंटिमीटर रुंद, २५ सेंटिमीटर उंच असा कडेचा कप्पा घ्या. त्यात २०० लिटर हवा मावते. बोट भरली तर हा एक कप्पा साधारण २०० किलो वजन उचलून धरतो. तुमच्या छोट्या आऊटबोर्डचं वजन ४० किलोच्या आसपास असतं, म्हणजे बघा. त्या कप्प्याला तुम्ही चार भोकं पाडली आणि ती नीट बंद केली नाहीत, तर लाटेचं, पावसाचं, जाळ्यातून निथळलेलं पाणी रोज थोडं थोडं आत जाणार. फोम असेल तर तो हळूहळू पाणी पिणार आणि मग सुटता सुटत नाही. बोट जड होते, इंजिन जास्त पेट्रोल खातं, आणि ज्या दिवशी खरंच बोट भरेल त्या दिवशी तो कप्पा कामाला येणार नाही.

म्हणून, मंडळी, रॉड होल्डर बसवणं म्हणजे एका अर्थी लाइफ जॅकेटला भोक पाडण्यासारखं आहे. पाडू नये असं नाही. पण ते बंद कसं करायचं हे आधी ठरवायचं.

आधी बघा, मग ड्रिल उचला

आत काय आहे हे न फोडता कळतं. तीन सोपे उपाय.

पहिला, वाजवून बघा. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने किंवा नाण्याने हलकं ठोकत जा. भरीव जागी आवाज टणक येतो, पोकळ जागी घुमतो, आणि आत प्लाय कुजलेलं असेल तर बद्द येतो. मार्करने खुणा करत जा, दहा मिनिटांत कडेचा नकाशा तयार होतो.

दुसरा, रात्री किंवा अंधारात एका बाजूने जोरदार टॉर्च लावा. एकेरी, फिकट रंगाच्या लॅमिनेटमधून थोडा उजेड पलीकडे दिसतो. मधे लाकडाची पट्टी असेल तिथे काळी सावली दिसते.

तिसरा तुमच्या आवडीचा, मोबाइल. चार्जिंगच्या जागी लावायचा एन्डोस्कोप कॅमेरा ऑनलाइन स्वस्तात मिळतो. बारीक वायर आणि टोकाला लाइट. पाणी काढायच्या बुचाच्या भोकातून किंवा वायर जाते त्या जागेतून तो आत सरकवा. फोम आहे का, पाणी आहे का, पेट्रोलचा पाइप किंवा वायरिंग कुठून गेलंय, सगळं स्क्रीनवर. व्हिडिओ करून ठेवा. पेट्रोलच्या टाकीजवळ ड्रिल चालवणं म्हणजे ठिणगी आणि वाफ एकत्र आणणं. तिथे भोक नाहीच.

ओढ किती बसते?

फिश फाइंडरचा स्क्रीन, मोबाइल स्टँड, पट्टी मारून अडकवायचा चाकूचा खण: यांना ओढ नसते, फक्त स्वतःचं वजन आणि हादरे. हा हलका गट. टॉर्च, छोटा ध्वजदांडा, बाकावर बसवलेला डबा हा मधला गट. रॉड होल्डर आणि दोर बांधायचा खुंटा हा जड गट.

रॉड होल्डर जड गटात का? कारण रॉड म्हणजे पहार. समजा रीलचा ड्रॅग ८ किलोला लावलाय, म्हणजे माशाने ८ किलोपेक्षा जास्त ओढलं की दोरी सुटू लागते. रॉड वाकलेला आहे, तरी ओढ होल्डरच्या बुडापासून एक मीटर उंचीवर लागतेय असं धरू. ८ किलो गुणिले १०० सेंटिमीटर, ८०० झाले. आता बुडाच्या पुढच्या आणि मागच्या बोल्टमधलं अंतर ८ सेंटिमीटर. ८०० भागिले ८, म्हणजे मागच्या बाजूला १०० किलोची उपटणारी ओढ. तिथे दोन बोल्ट असले तर प्रत्येकाला ५० किलो. बाहेर मासा ८ किलोने ओढतोय आणि तुमचा स्क्रू ५० किलो सोसतोय!

आणि हे शांतपणे. ड्रॅग पूर्ण घट्ट केलाय, गरी खडकात अडकली, बोट पुढे चाललीय आणि दोरी २० किलोला तुटणारी आहे, तर तोच आकडा १२५ किलोवर जातो. तीन-चार मिलिमीटर जाडीच्या लॅमिनेटमध्ये पिळलेला स्क्रू हे सोसत नाही. त्याचे आटे फायबरचा चुरा करून बाहेर येतात. त्याआधी कित्येक दिवस तो हलत राहतो आणि हलणाऱ्या स्क्रूभोवतीचं सीलंट कधीच फाटलेलं असतं.

बोल्टखाली मोठी पट्टी का लावायची, तेही याच हिशेबात आहे. एम-६ बोल्टचा साधा वॉशर बारा मिलिमीटरचा. तो फायबरच्या एक चौरस सेंटिमीटरपेक्षाही कमी जागेवर दाबतो. १० बाय १५ सेंटिमीटरची जाड पट्टी तोच भार कितीतरी मोठ्या जागेवर पसरवते.

सगळ्यात चांगलं भोक म्हणजे न पाडलेलं भोक

आता पर्याय बघू, सगळ्यात सुरक्षित तो आधी.

पहिला पर्याय, भोक नकोच. काठाला स्टीलची नळी असेल तर तिला आवळायचे क्लॅम्पचे रॉड होल्डर मिळतात. नळी नसेल तर दोन काठांवर बसणारी एक आडवी फळी करा. रॉड होल्डर, फिश फाइंडर, मोबाइल सगळं त्या फळीवर बोल्टने लावा आणि फळी काठाला क्लॅम्पने आवळा. पाऊस आला, फळी काढून घरी नेली. बोट जशीच्या तशी. भाड्याची किंवा काकांची बोट असेल तर हाच पर्याय. काका ओरडणार नाहीत.

हलक्या गटासाठी चिकटवलेला ठोकळा चालतो. फायबरचा तुकडा किंवा सगळ्या बाजूंनी इपॉक्सी पाजलेलं प्लाय घ्या, बोटीच्या बाजूला इपॉक्सीने चिकटवा आणि स्क्रू त्या ठोकळ्यातच थांबेल असा लावा. चिकटवण्याआधी दोन्ही पृष्ठभाग सॅन्डपेपरने खरवडायचे आणि सॉल्व्हंटने पुसायचे, क्रम उलटा: आधी पुसायचं मग घासायचं, नाहीतर मेण आणि तेल तुम्ही घासून आतच बसवता. शेवटी धूळ झटकायला पुन्हा पुसा. एक सूचना: पांढऱ्या कटिंग बोर्डसारखं जे एचडीपीई प्लॅस्टिक मिळतं, ते बोल्टने लावायला छान, पण चिकटवायला नाही. त्याला गोंद धरतच नाही.

हात जात नसेल तर दार करा

दुसरा पर्याय ऐकायला उलटा वाटेल. छोटं भोक बंद करता येत नाही, म्हणून मोठं भोक पाडायचं. म्हणजे तपासणीचं गोल झाकण, इन्स्पेक्शन हॅच. आटे असलेलं, रबरी रिंग असलेलं झाकण चार, सहा, आठ इंचांत मिळतं. चार इंचांतून हात कसाबसा जातो, पण पाना धरून फिरवता येत नाही. जागा असेल तर सहा इंच घ्या.

जड गटासाठी माझं मत स्पष्ट आहे: दार करा. नट, वॉशर आणि खालची पट्टी लावता येते. शिवाय नंतर दर वर्षी त्या दारातून आत बघता येतं, पाणी असेल तर पुसता येतं, कप्पा वाळवता येतो. जो कप्पा कधी उघडत नाही, त्यात काय चाललंय ते कुणालाच कळत नाही. दार शक्यतो उभ्या भिंतीवर करा, जिथे पाणी साचत नाही आणि कुणी पाय देत नाही. समुद्रात ते घट्ट बंद, किनाऱ्यावर उघडं.

दार रॉड होल्डरच्या बरोब्बर खाली येत नाही, दोन फूट लांब येतं, मग? गरवणाऱ्याला ही युक्ती सांगायला नकोच. वरच्या बोल्टच्या भोकातून नायलॉनची दोरी आत सोडा, दारातून वायरच्या आकड्याने ती बाहेर ओढा. पट्टीला आधीच आटे पाडून घ्या, किंवा नट इपॉक्सीने पट्टीला चिकटवून ठेवा म्हणजे आत नट धरायला कुणी लागत नाही. दोरी पट्टीच्या भोकातून ओवून खाली गाठ मारा. पट्टीच्या वरच्या अंगाला जाडसर इपॉक्सी लावा आणि वरून दोरी ओढा. पट्टी सरकत बरोबर जागेवर येऊन चिकटते. वाळेपर्यंत दुसऱ्या भोकातून एक बोल्ट हलका आवळून ठेवा. पट्टी ६ मिलिमीटर ॲल्युमिनियमची, फायबरची, किंवा १२ मिलिमीटर मरीन प्लायची, पण प्लाय असेल तर भोकांच्या कडांनाही इपॉक्सी पाजलेली हवी.

दारही नको असेल तर

तिसरा पर्याय, एकाच बाजूने बसणारे फास्टनर. हे फक्त हलक्या आणि मधल्या गटासाठी.

वेल नट म्हणजे रबरी बुच, आत पितळी आटे. भोकात घालायचं, स्क्रू आवळला की रबर आत फुगतं आणि पकडतं. पाणीही बऱ्यापैकी अडवतं, हादरे सोसतं. फिश फाइंडरच्या स्क्रीनला उत्तम. पण रबर ते रबर. उन्हात काळानुसार कडक होतं आणि जोराच्या ओढीला भोकातून निसटतं.

मोठ्या डोक्याचे, आत तीन पाकळ्या उमलणारे रिव्हेट कयाकवाले भरपूर वापरतात. पाकळ्या पसरल्यामुळे भार थोडा वाटला जातो. साधा ॲल्युमिनियम पॉप रिव्हेट मात्र टाळा. तो बसताना भोकाच्या कडांवर दाबतो आणि ठिसूळ फायबरला तिथेच तडा जातो.

टॉगल बोल्ट, म्हणजे आत गेल्यावर आडवा होणारा पंख. पकड चांगली, पण त्याला बोल्टपेक्षा कितीतरी मोठं भोक लागतं, आणि ते भोक फक्त सीलंटवर अवलंबून राहतं. हवाबंद कप्प्यावर मी हा वापरणार नाही.

आणि साधा स्क्रू? जिथे आत भरीव लाकूड आहे किंवा लॅमिनेट चांगलं जाड आहे, आणि वस्तू हलकी आहे, तिथेच.

काठात खुपसून बसवायचे तिरपे रॉड होल्डर असतात ना, त्यांच्याबद्दल एक शब्द. त्यांची नळी खालून उघडी असते की बंद, ते खरेदीआधी बघा. उघडी असेल तर पावसाचं सगळं पाणी नळीतून थेट कप्प्यात. आत हात जात नसेल तर बुडाला बंद असलेलीच घ्या.

भोक पाडायची पद्धत

इथे घाई केली की जेलकोटला चांदणीसारखे तडे जातात. क्रमाने सांगतो.

जागेवर मास्किंग टेप लावा आणि टेपवर खूण करा. आधी बारीक बिट. ड्रिल सुरुवातीला उलटं फिरवा, म्हणजे जेलकोट खरवडला जातो, उचकटत नाही. जेलकोट पार झाला की सरळ फिरवा, जोर न देता. मग योग्य मापाचा बिट. शेवटी भोकाच्या तोंडाशी काउंटरसिंक बिटने थोडी उतरती कड करा. याने दोन फायदे होतात: आटे जेलकोटला धरत नाहीत म्हणून तडा जात नाही, आणि त्या खळग्यात सीलंटची गोल कडी बसते. गोल झाकणासाठी होल सॉ वापरतानाही सुरुवात उलट्या फिरवण्यानेच.

बिटला बाहेर येताना लाकडाचा किंवा फोमचा भुसा लागला, तर तुम्ही कोअर असलेल्या जागी आहात. म्हणजे फायबरच्या दोन पातळ थरांमधे प्लाय किंवा फोम. इथे थेट बोल्ट घालायचा नाही. बोल्टपेक्षा मोठं भोक पाडा, आतला कोअर कडेने थोडा कोरून काढा, खालून टेपने बंद करता येत नसेल तर खालचा थर शाबूत ठेवा, आणि ती जागा घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरा. पूर्ण वाळली की त्या इपॉक्सीच्या मधोमध बोल्टचं भोक. आता पाणी आलं तरी ते इपॉक्सीला लागतं, लाकडाला नाही. इपॉक्सी थोडी थोडी कालवा. मोठ्या वाटीत एकदम कालवली की ती तापते, धूरही येतो.

फायबरची धूळ म्हणजे काचेची धूळ. मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट. रुमाल बांधून भागत नाही.

सीलंट: कोणतं आणि कसं

पॉलियुरेथेन सीलंट चांगलं चिकटतं आणि लवचीक राहतं. त्यात कायमचे आणि काढता येणारे असे दोन प्रकार मिळतात. रॉड होल्डर कधीतरी बदलणार असाल तर काढता येणारं घ्या. कायमच्या सीलंटवर बसवलेली वस्तू काढताना जेलकोटही सोबत येतो. ब्यूटाइलची पट्टी हा दुसरा सोपा पर्याय, ती कडक होतच नाही. सिलिकॉन बाथरूमसाठी ठीक. बोटीवर त्याचा डाग राहतो आणि त्या डागावर नंतर रंग, गोंद, इपॉक्सी काहीच धरत नाही.

लावायचं कसं? वरून बोट फिरवून नाही. वस्तू उचला, भोकाच्या खळग्यात आणि बुडाखाली पूर्ण लावा, मग बसवा. आधी हलकं आवळा, कडेने थोडं बाहेर आलं पाहिजे. लगेच करकचून आवळलं तर सगळं सीलंट बाहेर आणि आत कोरडं. थोडं धरल्यावर शेवटचा पीळ द्या. तेव्हा बोल्टचं डोकं स्थिर धरा आणि नट फिरवा, म्हणजे बोल्टभोवतीचं सीलंट फाटत नाही.

फिश फाइंडरचा सेन्सर

स्क्रीन हलकी वस्तू, तिचं झालं. खरी पंचाईत सेन्सरची, कारण तो पाण्याखाली राहतो. तीन मार्ग आहेत.

एक, इंजिन लागतं त्या मागच्या फळीवर ठोकळा चिकटवायचा आणि सेन्सरचे स्क्रू त्या ठोकळ्यात. पुढे सेन्सरची जागा थोडी वर-खाली करावी लागते, ती ठोकळ्यावर करा, बोटीला नवी भोकं पडत नाहीत. पंखा उजवीकडे फिरणारा असेल तर सेन्सर उजव्या बाजूला, कारण तिथे पाती खाली जाते आणि बुडबुडे कमी त्रास देतात. पंख्यापासून सव्वा फूट तरी लांब.

दोन, बोटीच्या आतून. भरीव फायबरमधून आवाजाच्या लहरी जातात, म्हणून सेन्सर आत तळाला इपॉक्सीने चिकटवता येतो. खोली दिसते, पाण्याचं तापमान दिसत नाही. पण तुम्ही उभे राहता ती जमीन म्हणजे बोटीचा तळ नव्हे. मधे हवा किंवा फोम असेल तर लहरी तिथेच संपल्या. मागे पाणी साचतं त्या खोलगट जागी बहुधा एकच थर असतो. आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत पाणी भरून त्यात सेन्सर ठेवा, पिशवी ओल्या तळावर टेकवा आणि बोट पाण्यात असताना खोली नीट दिसते का बघा. दिसली तरच चिकटवा, आणि इपॉक्सीत बुडबुडा राहू देऊ नका.

तीन, काठाला आवळायची दांडी आणि तिच्या टोकाला सेन्सर. हळू चालताना छान, वेगात उचलून घ्यायची. भोक शून्य.

वायर आत जाते तिथे आधी वायरला खाली झोका द्या, म्हणजे ओघळणारं पाणी झोक्याच्या तळातून गळतं, भोकात शिरत नाही. आणि बॅटरीच्या जवळ फ्यूज हवाच.

खारं पाणी आणि धातू

स्टेनलेसचं ३१६ ग्रेड समुद्रासाठी, ३०४ त्या मानाने लवकर डागळतं. लोहचुंबक लावून फरक कळत नाही, दोन्ही साधारण चिकटत नाहीत, त्यामुळे ग्रेड विचारून, बोल्टच्या डोक्यावरची खूण बघून घ्या. गंज न लागणारं स्टेनलेसही हवा न लागता ओलं राहिलं, म्हणजे गळक्या भोकात, की आतून खाल्लं जातं. वरून चकचकीत आणि आत अर्धं. ॲल्युमिनियमच्या पट्टीत स्टेनलेस बोल्ट घालताना मधे पेस्ट किंवा नायलॉनचा वॉशर द्या. नाहीतर खारं पाणी त्या दोघांची बॅटरी करतं आणि ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी होते.

झालं? आता ओढून बघा

बॅग तोलायचा हूकवाला काटा असतो ना, तो घ्या. रॉड होल्डरमध्ये ठेवा, दोरीला काटा लावा, किनाऱ्यावरच ड्रॅगएवढी ओढ द्या. दुसऱ्याला बुडावर बोट ठेवायला सांगा. जरासुद्धा हललं तर समुद्रात जाऊ नका. पुढे, रॉडला नेहमी एक सुरक्षा दोरी बांधा, आणि तिचं दुसरं टोक होल्डरला नको, बोटीच्या पक्क्या जागी. पहिल्या फेरीनंतर कप्प्यात पाणी आहे का बघा. नंतर दर वर्षी.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. होड्या शाकारून ठेवलेल्या असतात. बोट तपासायला हा काळ सगळ्यात चांगला. इपॉक्सीचं काम मात्र पाऊस सुरू होण्याआधी उरका किंवा पक्क्या छपराखाली, पूर्ण कोरड्या फायबरवर करा.

तुमचे दोन प्रश्न

"आधीच्या मालकाने पाडलेली जुनी भोकं आहेत. एमसीलने बुजवू का?" हाताने मळायची इपॉक्सी पुट्टी तात्पुरती चालते. पण आधी आत पाणी आहे का बघा, भोक वाळू द्या, कड उतरती करा, मग घट्ट इपॉक्सी भरा. ओल्या भोकावर काहीही लावलं तरी तुम्ही पाणी आत कोंडताय. आणि बुजवलेल्या भोकातच नवा स्क्रू पिळू नका.

"कप्प्यात पाणी सापडलं, आता?" बोट नाळेकडून उचलून तिरकी ठेवा, सगळ्यात खालच्या जागी दार करा, निथळू द्या, वाळू द्या. फोम भिजून जड झाला असेल तर तो काढावाच लागतो. काम किचकट आहे, पण तो कप्पा परत हवाबंद झाल्याशिवाय बोट खोल पाण्यात नेऊ नका.

तर मंडळी, ड्रिल हातात घेण्याआधी तुमच्या बोटीचा कडेचा कप्पा कसा आहे, बंद की उघडा, हवा की फोम, एवढं शोधा आणि व्हॉइस मेसेजने कळवा. फोटो असेल तर उत्तम. पुढच्या भागात बॅटरी आणि वायरिंग. लाइफ जॅकेट घाला, आणि भेटू.